‘लीप्स अँड बाउंड्स’ : एका वाक्प्रचाराची उडी



इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा एक फार लाडका वाक्प्रचार आहे. शाळेचा वार्षिक अहवाल घ्या, सहकारी सोसायटीच्या सभेचे इंग्रजी निवेदन घ्या, नाहीतर ‘माझे गाव’ या विषयावर दहावीच्या मुलाने लिहिलेला निबंध घ्या. कुठे ना कुठे तो भेटतोच : ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’. आमच्या गावाची प्रगती ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’ झाली, शाळेची झाली, पतपेढीची झाली, आणि लोकसंख्येची तर विचारायलाच नको!

आजच्या या थोड्याशा वेळात मला या एका वाक्प्रचाराबद्दल आणि त्याच्या दोनचार भाऊबंदांबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. तो बरोबर कसा वापरावा हे तर सांगणारच आहे. पण त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की, तो केव्हा वापरावा आणि केव्हा हात आखडता घ्यावा. व्याकरणाइतकाच हा खरेपणाचाही प्रश्न आहे.

आधी शब्द पाहू. ‘लीप’ म्हणजे उडी. हा इंग्रजीतला जुना, घरचा शब्द. त्याचा जर्मन भाषेतला सख्खा भाऊ ‘लाउफेन’, त्याचा अर्थ धावणे. ‘बाउंड’ म्हणजेही उडीच. पण हा शब्द फ्रेंच भाषेतून आलेला. फ्रेंचमध्ये त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ घुमणे, दणाणणे असा होता, पुढे तो उसळणे, उडी मारणे असा झाला. म्हणजे एक शब्द घरचा, एक पाहुणा, आणि दोघांचा अर्थ एकच. मग एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायचे कारण काय? तर जोर यावा म्हणून. आपल्या मराठीत हीच रीत आहे. ‘कागदपत्र’ म्हणतो त्यात ‘कागद’ फारसीच्या वाटेने आलेला आणि ‘पत्र’ संस्कृतातला. ‘धनदौलत’ म्हणतो त्यात ‘धन’ आपले आणि ‘दौलत’ अरबीतली. ‘बाजारहाट’ही तसाच. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात हे एवढे जरी सांगितले, तरी मुलांच्या मनातली इंग्रजीची निम्मी भीती जाते. ही भाषा कोणा जादूगाराने केलेली नाही. आपली आजी ‘कागदपत्र’ म्हणते, तसाच इंग्लंडातला माणूस ‘लीप्स अँड बाउंड्स’ म्हणतो.

इथे एक खड्डा मात्र सांभाळायला हवा. इंग्रजीत ‘बाउंड’ नावाचे एकाहून अधिक शब्द आहेत. एकाचा अर्थ सीमा, हद्द. ‘आउट ऑफ बाउंड्स’ म्हणजे हद्दीबाहेर, मनाई असलेल्या जागी. दुसऱ्याचा अर्थ बांधलेला. आपल्या वाक्प्रचारातला ‘बाउंड’ या दोघांपैकी कोणी नव्हे. रूप सारखे, कुळ वेगळे. म्हणून ‘उड्यांनी आणि मर्यादांनी प्रगती झाली’ असा अर्थ कोणी लावला तर तो चुकला. दोन्ही उड्याच आहेत. मराठीत ‘झपाट्याने’ किंवा ‘झेपा घेत’ म्हटले की काम भागते.

आता वापर. पहिली गोष्ट, दोन्ही शब्द अनेकवचनी हवेत. एका उडीत ही प्रगती होत नाही; उडीमागून उडी, उडीमागून उडी अशी ती असते. दुसरी गोष्ट, त्यांच्यामागे बहुधा ‘बाय’ येतो, ‘इन’ही चालतो, पण ‘विथ’ येत नाही. पुष्कळ मुले ‘विथ’ लिहितात, कारण मराठीतली तृतीया त्यांच्या डोक्यात असते. तिसरी गोष्ट, क्रियापद वाढीचे किंवा सुधारणेचे लागते : वाढणे, सुधारणे, पुढे जाणे. ‘आम्ही बाजाराला लीप्स अँड बाउंड्सने गेलो’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की हे कुटुंब रस्त्याने बेडकासारखे उड्या मारीत गेले!

भूतकाळाचे रूपही सांगून टाकतो. ‘लीप’चे भूतकाळी रूप दोन तऱ्हांनी लिहितात. इंग्लंडात ‘लेप्ट’ अधिक चालते, अमेरिकेत ‘लीप्ड’ अधिक आढळते. ‘लेप्ट’मध्ये लिहिताना तीच दोन स्वरचिन्हे असली, तरी उच्चार आखूड होतो. दोन्ही रूपे बरोबर आहेत. एका निबंधात मात्र एकच रूप ठेवावे.

एवढे झाले व्याकरण. पण श्रोतेहो, व्याकरणाने बिनचूक असलेले वाक्य खरे असतेच असे नाही. समजा, एका मुलाने लिहिले की माझ्या गावाची प्रगती झेपा घेत झाली. इंग्रजी शुद्ध आहे. शिक्षकांनी शेजारी बरोबरची खूण केली. पण त्या गावात काय झाले? नळ आला का? आला असेल, तर पाणी रोज येते की आठवड्यातून दोनदा? सातवीनंतर मुली शाळेत टिकतात का? पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आजाऱ्याला दवाखान्यात कसे नेतात? त्या मुलाला ही सगळी उत्तरे ठाऊक आहेत. जन्मापासून तो हेच पाहतो आहे. पण गाईडातले तयार वाक्य हाताशी आल्यामुळे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवले आणि परक्याचे वाक्य उतरवले. हे नुकसान लहान नाही. त्याला इंग्रजी आले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला पाहिलेले न सांगण्याची सवय लावलेली असते.

म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो. ‘झेपा घेत’ असे लिहायचा मोह झाला की आधी तीन प्रश्न विचारावेत. किती? केव्हापासून? कशामुळे? समजा, एका शाळेत आठवीत 6 मुली होत्या, चार वर्षांत त्या 31 झाल्या, आणि कारण असे की वाडीवरून येणारी एस.टी. शाळेच्या वेळेला सुटू लागली. मग खुशाल लिहा, की मुलींची संख्या ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’ वाढली. पण गंमत पाहा. तीन प्रश्नांची उत्तरे लिहून झाली, की त्या वाक्प्रचाराची फारशी गरजच उरत नाही. आकडाच उडी मारून दाखवतो. आणि उत्तरे देता येत नसतील, तर तो वाक्प्रचार वापरण्याचा अधिकारच आपल्याला नाही.

शिवाय सगळीच वाढ उड्यांची नसते. मराठीत आपण ‘कलेकलेने वाढणे’ म्हणतो. शुक्ल पक्षातला चंद्र जसा रोज थोडा थोडा भरत जातो, तशी ती वाढ. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत त्यांच्या मुद्रेला उपमा दिली आहे ती प्रतिपदेच्या चंद्रकोरीची, वाढत जाणाऱ्या कोरीची. एवढे मोठे राज्य उभे करणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर वाढीची जी प्रतिमा आहे, ती उडीची नाही, हळूहळू भरत जाणाऱ्या चंद्राची आहे. झाड कलेकलेने वाढते, मूल कलेकलेने वाढते, भाषाही कलेकलेनेच येते. तिथे ‘स्टेडिली’ किंवा ‘लिटल बाय लिटल’ हे साधे इंग्रजी शब्द अधिक शोभतात आणि अधिक खरे असतात.

एका वाक्प्रचारासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून इतिहासातली एक हकीकत सांगतो. 1958 साली चीनमध्ये माओ त्से-तुंग यांच्या राजवटीने एक मोहीम सुरू केली. तिचे नावच ‘मोठी पुढची झेप’. इंग्रजीत ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’. शेती आणि पोलाद या दोन्हींत थोड्या वर्षांत प्रचंड मजल मारायची असे ठरले. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून मोठी सामुदायिक केंद्रे केली. गावोगाव परसातल्या भट्ट्या पेटल्या. त्यांत भांडीकुंडीही वितळवली गेली आणि त्यातले बरेचसे लोखंड निरुपयोगी निघाले. पण सर्वांत घातक ठरली ती लिहिण्यातली उडी. वरून झेपेची अपेक्षा, म्हणून खालून झेपेचे अहवाल. एका ठिकाणी पीक दुप्पट झाले असे कळवले, की शेजारच्याने दहापट कळवायचे. अशा विक्रमांना तिथे ‘उपग्रह सोडणे’ म्हणत, कारण 1957 सालीच रशियाने ‘स्पुटनिक’ सोडला होता. अनेक वावरांतले भाताचे रोप उपटून एकाच वावरात दाटीने लावायचे, आणि हे पाहा आमचे पीक, असे दाखवायचे, असे प्रकारही झाले.

पुढे काय झाले? कागदावर जितके धान्य लिहिले होते, त्या मानाने सरकारने गावांतून धान्य उचलले. कागदावरचे धान्य खोटे होते. उचललेले धान्य खरे होते. 1959 ते 1961 या काळात जो दुष्काळ पडला, त्यात किती माणसे दगावली याचे अभ्यासकांचे अंदाज सुमारे दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. 1959 साली संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी या मोहिमेतल्या चुका दाखवणारे एक पत्र माओंना लिहिले. त्यांना मंत्रिपद गमवावे लागले. दुष्काळाला राजकारणाची इतरही कारणे होती, हे खरे. पण खोट्या अहवालांचा त्यात फार मोठा वाटा होता. तेव्हा श्रोतेहो, अहवालात ‘झेप’ लिहिताना हात थोडा थांबला तर बरे. खेड्यातला ग्रामसेवक असो, पतपेढीचा चिटणीस असो की शाळेचा मुख्याध्यापक असो, त्याच्या एका वाक्यावर वर कोणीतरी हिशेब मांडत असतो.

आता या घराण्यातला दुसरा वाक्प्रचार पाहू, ‘लुक बिफोर यू लीप’. उडी मारण्यापूर्वी पाहा. ही इंग्रजी म्हण फार जुनी. 1546 साली जॉन हेवुड यांनी म्हणींचा जो संग्रह केला, त्यातही ही शिकवण आहे. या म्हणीचा अर्थ मुंबईच्या मुलाला समजवावा लागेल; खेड्यातल्या मुलाला नाही. विहिरीत सूर मारणारा पोरगा हे पहिल्या दिवशीच शिकतो. चैत्र-वैशाखात पाणी खाली जाते, आषाढात झाकलेली कपार उघडी पडते. जाणता पोहणारा आधी काठावरून वाकून पाहतो, पाणी किती, दगड कुठे, खाली कोणी पोहतो आहे का, आणि मगच उडी टाकतो. वर्गात ही म्हण शिकवताना शब्दकोश उघडण्याआधी त्या विहिरीची आठवण करून द्यावी. मग म्हण पाठ करावी लागत नाही.

मात्र या म्हणीचा अर्थ ‘उडी मारू नका’ असा नाही, हेही सांगायला हवे. इंग्रजीतच तिच्या उलट दुसरी म्हण आहे, की जो अडखळत राहिला तो बुडाला. आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला आपण हसतोच. म्हणीचा भर ‘पाहा’ यावर आहे, पण पाहून झाल्यावर उडी आहेच.

तिसरा वाक्प्रचार ‘अ लीप इन द डार्क’, अंधारातली उडी. परिणाम काय होईल हे कळण्याचा मार्गच नसताना केलेले धाडस. 1867 साली इंग्लंडात मताधिकार वाढवणारा कायदा झाला आणि मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. तो कायदा आणणारे पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांनी स्वतःच त्याला अंधारातली उडी म्हटले, म्हणून हा शब्दप्रयोग इंग्रजी राजकारणात फार गाजला.

याच्याशेजारी आपल्या देशाची हकीकत ठेवून पाहा. 1951-52 साली भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. 17 कोटींहून अधिक मतदार, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. पुष्कळांना ही अंधारातली उडीच वाटत होती. पण मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती अंधारात मारू दिली नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी पक्षांना चिन्हे दिली, प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली. हिमाचलातल्या चिनी भागात बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वी, 1951 च्या ऑक्टोबरातच मतदान घेतले. उडी मोठी होती. पण आधी पाणी पाहिले होते. निबंधात ‘लुक बिफोर यू लीप’साठी उदाहरण हवे असेल, तर ससा-कासवापेक्षा हे अधिक चांगले.

चौथी उडी चंद्रावरची. 1969 साली, आपल्या घड्याळाप्रमाणे 21 जुलैच्या सकाळी, नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाय ठेवला. त्या वेळी ते जे बोलले त्याचा आशय असा, की एका माणसाचे हे छोटे पाऊल, पण मानवजातीची ही प्रचंड झेप. इथे ‘पाऊल’ आणि ‘झेप’ हे दोन शब्द शेजारी ठेवल्यामुळेच झेपेला वजन आले आहे. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी यात आणखी एक मौज आहे. ‘मॅन’च्या आधीचा एकाक्षरी ‘अ’ लोकांना ऐकू आला नाही. तो नसेल तर ‘मॅन’ म्हणजेही मानवजात आणि ‘मॅनकाइंड’ म्हणजेही मानवजात. मग पाऊल छोटे आणि झेप मोठी कशी? आपण तो ‘अ’ म्हणण्याचेच योजले होते, असे आर्मस्ट्राँग पुढे सांगत. त्या एका ‘अ’वर आजपर्यंत वाद चालू आहे. ‘सर, हा एवढासा ‘अ’ नसला तर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर नाही.

‘लीप ईयर’चेही जाता जाता सांगतो. मराठीत आपण ‘प्लुत वर्ष’ म्हणतो, आणि ‘प्लुत’ म्हणजे उडी घेतलेले. उडी कोण मारते? वार मारतो. एरवी तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. 1 मार्च 2023 ला बुधवार होता. 2024 साली गुरुवार यायला हवा होता. पण मध्ये 29 फेब्रुवारी आला, आणि वार गुरुवार ओलांडून शुक्रवारवर जाऊन पडला. फळ्यावर दोन कॅलेंडरे शेजारी मांडली की मुलांना ही उडी डोळ्यांनी दिसते.

आता मराठीतून इंग्रजीत जाताना काय करावे? आपली ‘उडी’ फार कामसू आहे. ‘त्यांनी चळवळीत उडी घेतली’, ‘स्वस्त कापडावर लोकांच्या उड्या पडल्या’, ‘दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारतो’. या प्रत्येक ठिकाणी ‘लीप’ किंवा ‘जंप’ लिहिले तर इंग्रज माणूस बुचकळ्यात पडेल. चळवळीतल्या उडीला इंग्रजीत ‘प्लंज’, म्हणजे बुडी, हा शब्द बरा. कापडाच्या उड्यांना ‘रश’, म्हणजे झुंबड. तिसऱ्याला तर सरळ अर्थच लिहावा, की हा दुसऱ्याच्या आधारावर मिजास करतो. शब्दाला शब्द जोडू नये, अर्थाला अर्थ जोडावा.

आणि आपल्याकडे या बाबतीत काही कमी नाही. संस्कृत व्याकरणकारांनी ‘मंडूकप्लुती’ म्हणून एक युक्ती सांगितली आहे. एखादा शब्द मधली सूत्रे ओलांडून, बेडकासारखी उडी घेऊन, पुढच्या सूत्राला जाऊन लागतो. त्याचीच जोडीदार दुसरी कल्पना ‘सिंहावलोकन’. सिंह पुढे जातो, आणि थांबून मान वळवून मागे पाहतो. इंग्रजी म्हण सांगते, उडीपूर्वी पाहा. सिंह सांगतो, उडीनंतरही पाहा. लिहिणाऱ्याने दोन्ही ऐकावे. वाक्य लिहिण्यापूर्वी पाहावे, आणि लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वळून पाहावे, की मी लिहिले ते खरे आहे ना?

शेवटी, शिक्षकमित्रांना एक विनंती. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आता वाडीवस्तीवरच्या मुलालाही इंग्रजीत अर्ज लिहावा लागतो, आणि त्याच्याबरोबर शाळेचा दाखला, शिफारसपत्र जाते. त्यात प्रत्येकाविषयी ‘याने लीप्स अँड बाउंड्सने प्रगती केली’ असे लिहिले, तर वाचणारा ते ओलांडून पुढे जातो, कारण तेच वाक्य त्याने सकाळपासून चाळीस वेळा वाचलेले असते. त्याऐवजी असे लिहा : हा मुलगा रोज चार मैल चालत येतो, नववीत गणितात 38 गुण होते, दहावीत 71 झाले, वर्षात दोनच दिवस गैरहजर. साधी तीन वाक्ये, त्यांत एकही वाक्प्रचार नाही. पण वाचणारा थांबेल, आणि कदाचित त्या मुलाला बोलावणे पाठवील. एका मुलाचे आयुष्य अशा तीन वाक्यांवर पालटू शकते.

म्हणून ‘माझे गाव’ निबंधात ज्या मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले असेल, की आमच्या गावाला अजून पूल नाही आणि पावसाळ्यात माझी बहीण शाळेत जाऊ शकत नाही, त्याची स्पेलिंगची चूक अवश्य दुरुस्त करा. पण त्याला गुण देताना हात आखडू नका. त्याने पाहिले, आणि पाहिलेले लिहिले. इंग्रजी हळूहळू, कलेकलेने येईल. खरे सांगण्याची सवय एकदा गेली, तर ती परत आणायला फार कष्ट पडतात.